इंजिन झाकण्याआधी

देवगाव फाटा आता ओळखू येत नाही, पण तिथला मिस्त्री डोळ्यांसमोर आहे. माझ्या जीपला पळ हवा होता म्हणून त्यानं इंजिन उघडलं आणि रोज धुतच बसला. इंजिनाचा ब्लॉक आधी रॉकेलनं, मग साबणाच्या कढत पाण्यानं. पिस्टन शेजारच्या किराणा दुकानातल्या तराजूत समोरासमोर ठेवायचा आणि जड निघेल तो आतून घासायचा. मी कुरकुरलो की म्हणायचा, "मालक, पळायचंय ना? मग थांबा की."

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. समोरच्या हॉटेलात एक बाकडं नामांतराच्या बाजूनं असलेल्यांचं, दुसरं विरोधातल्यांचं. कुणी कुणाकडं बघत नसे.

इंजिन झाकण्याआधी ते सगळ्यांना दाखवायचं, ही मिस्त्रीची रीत. त्या दिवशीही त्यानं हाक मारली, "या रे समदे! आता झाकायलोय, पुन्हा दिसायचं न्हाई."

दोन्ही बाकडी उठून आली. आरशासारख्या सिलिंडरांवर सगळे वाकले, डोक्याला डोकी लागली.

"लय भारी," एक म्हणाला.

"व्हय," पलीकडच्या बाकड्यावरचा म्हणाला.

इंजिनावर झाकायचं हेड छातीशी धरून मिस्त्री त्या वाकलेल्या डोक्यांकडं बघत तसाच उभा राहिला. मग हळूच मला म्हणाला, "मालक, घाई हाय का?"

"अजिबात न्हाई," मी म्हणालो.