नळीसोबतचे सात आठवडे

लघवी होत नाही, हे मी बायकोला सकाळी सातला सांगितलं आणि दुपारी एकपर्यंत घरातल्या घरात फेऱ्या मारत राहिलो. ती म्हणत होती, "अहो, दवाखान्यात चला." मी म्हणत होतो, "होईल." बासष्ट वर्षं जी गोष्ट कुणाला न विचारता होत आली, तिच्यासाठी रिक्षा करून जायचं हेच मला पटत नव्हतं. शेवटी ओटीपोट दगडासारखं झालं, घाम फुटला, आणि मी मुकाट्याने चपला घातल्या.

हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरने पोटावर हात ठेवला आणि पुढच्या पाच मिनिटांत लघवीच्या वाटेने नळी आत सरकवली. दुखलं. पण त्यानंतर जो सुटकेचा श्वास आला, त्या क्षणी त्याने मागितलं असतं ते मी त्याच्या नावावर करून दिलं असतं. पिशवीत लिटरभर लघवी जमली. प्रोस्टेट वाढलंय, त्याने वाट दाबलीय, गोळ्या सुरू करतो, नळी पंधरा दिवस राहील, मग काढून बघू, एवढं तो एका दमात बोलला आणि पुढच्या पेशंटकडे वळला. निघताना हातात जो कागद मिळाला, त्यावर एकच ओळ होती : नळीची काळजी घ्यावी.

मी तेहतीस वर्षं दस्त नोंदणीच्या कार्यालयात काढली आहेत. आमच्याकडचा साधा कागदही कुणी काय करायचं आणि केव्हा करायचं ते सांगतो. काळजी घ्यावी म्हणजे नेमकं काय करावं? धुवावी की धुवू नये? झोपताना पिशवी कुठे ठेवावी? विचारायला मागे वळलो, तर डॉक्टर केव्हाच पडद्यापलीकडे गेला होता.

मग मी माझ्या अकलेने काळजी घेतली. रिक्षात पिशवी भाजीच्या पिशवीसारखी मांडीवर घेतली. घरी आल्यावर जमिनीवर घाण लागेल म्हणून ती पलंगाशेजारच्या उंच स्टुलावर, खाली स्वच्छ टॉवेल पसरून, मानाने ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट पुन्हा फुगलं आणि नळीच्या कडेने लघवी झिरपून पायजमा ओला झाला. पिशवीत मात्र थेंब नाही. नळी निसटली, असं मी ठरवून टाकलं.

मुलीला फोन केला. ती हिंजवडीला नोकरी करते आणि तिकडेच राहते. "पप्पा, पॅनिक होऊ नका, आणि नळी ओढू नका. मी निघाले," म्हणाली. तिला आमच्याकडे बिबवेवाडीला पोहोचायला पावणेदोन तास लागले. तोवर मी पलंगाच्या काठावर पाय फाकवून बसून होतो आणि बायको दर पाच मिनिटांनी विचारत होती, "आता कसं वाटतंय?" कसं वाटणार?

मुलगी आली आणि मला हॉस्पिटलात घेऊन गेली. तिथे त्या दिवशी एक पन्नाशीच्या सिस्टर होत्या. त्यांनी चादर बाजूला केली, माझ्या मांडीखाली दुमडून दबलेली नळी सरळ केली, पिशवी पलंगाच्या खालच्या दांडीला अडकवली, आणि लघवी धो धो वाहू लागली. इतकंच.

"घरी पिशवी कुठे ठेवली होतीत?"

"स्टुलावर."

"लघवी काय जिना चढून वर जाणार आहे, काका?"

मुलगी खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेली. मी चिडलो. म्हटलं, "सिस्टर, हे काल कुणी सांगितलं असतं तर मी आज आलोच नसतो. आता सगळं सांगा. मी लिहून घेतो." त्या हसल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. आत मूत्राशयात पाण्याने फुगवलेला छोटा फुगा असतो, त्यानेच नळी अडकून राहते, म्हणून ओढायचं नाही. ओढलीत तर आत फाटेल आणि रक्त येईल. पिशवी कायम पोटाच्या खाली, पण तिचा नळ जमिनीला टेकू द्यायचा नाही. अर्ध्याहून जास्त भरली की रिकामी करायची, आधी आणि नंतर हात धुवायचे. रोज आंघोळीला पुढची कातडी मागे सारून साबणपाण्याने धुवायचं आणि कातडी न विसरता परत पुढे आणायची, नाहीतर सुजेल. पाणी भरपूर. पोट साफ राहिलं पाहिजे. ताप आला, रक्ताच्या गुठळ्या दिसल्या किंवा लघवी थांबली, तर वाट बघत बसायचं नाही. मी कागदाची मागची बाजू भरून काढली. "सही करू का खाली?" त्यांनी विचारलं.

कागद मिळाला, तरी सुख मिळालं नाही. नळी आत असली की मूत्राशय मधूनच आवळतं, आणि जोराची लघवी लागल्यासारखं वाटतं. मी सवयीने उठायचो, संडासात जाऊन उभा राहायचो, आणि मग आठवायचं की इथे आपलं काही काम नाही. पिशवी भरू नये म्हणून मी पाणी कमी केलं, तर लघवी चहासारखी गडद झाली आणि वास मारायला लागली. बायकोने तांब्या समोर आदळला. "पिशवी रिकामी करायचा कंटाळा, म्हणून माणूस तहानलेला राहतो होय?" कंटाळा नव्हता, लाज होती. ती धुवायला मदत करते म्हणाली तेव्हा मी तिच्यावर ओरडलो होतो. चौतीस वर्षांच्या संसारानंतर तिच्यासमोर कसली लाज, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्यात भेटायला येणारे. शेजारचे गृहस्थ धण्याचं पाणी सांगून गेले. मेव्हणे बार्लीचं पाकीट घेऊन आले आणि पाऊण तास माझ्याशी न बोलता पिशवीकडे बघत बसले. जाताना म्हणाले, "रंग चांगला आहे."

पंधराव्या दिवशी नळी काढली. सिस्टरांनी फुग्यातलं पाणी सिरिंजने ओढून घेतलं, नळी अलगद बाहेर आली, आणि त्यांनी माझ्या हातात मोजमापाचं भांडं दिलं. पाणी पीत राहा, फिरत राहा, लघवी झाली की यात करा. मी साडेतीन तास त्या कॉरिडॉरमध्ये फिरलो. भांड्यात चार चमचे झाली. मग पुन्हा ते दगडासारखं पोट, पुन्हा तोच पलंग, पुन्हा नवी नळी.

तरुण डॉक्टर आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "ऑपरेशन करावं लागेल. शुगर वाढलीय, ती आधी खाली आणू." आणि निघाला. तेव्हा मी इतक्या मोठ्याने "थांबा!" म्हणालो की शेजारच्या पलंगावरचा पेशंट उठून बसला. "डॉक्टर, तुम्ही उभे असता तेव्हा मला काही समजत नाही. बसा. आणि नीट सांगा." बायकोने माझा दंड धरला. डॉक्टरचे कान लाल झाले, पण तो बसला. त्याने कागदावर प्रोस्टेटचं चित्र काढलं, वरून कापायचं नाही, लघवीच्या वाटेनेच आत जाऊन वाढलेला भाग खरवडून काढायचा, हे दाखवलं. नंतर संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाईल, हे त्याने खिडकीकडे बघत सांगितलं. "त्याने काही अपाय?" हे बायकोनेच विचारलं. नाही, म्हणाला. मी त्या दोघांकडेही न बघता लिहून घेतलं.

साखर खाली यायला एक महिना लागला. त्या महिन्यात मी घराबाहेर पडणंच बंद केलं. पौर्णिमेला विहारात वंदनेला जायचं आमच्या घरात कधी चुकत नाही. मी नाही म्हणालो. पांढरे कपडे घालायचे, आणि खाली ही पिशवी. बायको म्हणाली, "घरात बसून काय उजेड पाडताय? मी एकटी जाणार नाही. आणि सगळे विचारतील, तेव्हा मी खरं तेच सांगणार." ही धमकी होती. मी मांडीला बांधायची छोटी पिशवी लावली, सैल पांढरा लेंगा चढवला आणि तीन मजले एकेक पायरी मोजत उतरलो.

सगळे खाली बसले होते. मला मांडी घालता येईना, म्हणून मी मागे भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. वंदना सुरू झाली आणि माझं सगळं लक्ष मांडीवर जड होत चाललेल्या पिशवीकडे. शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ होते, चाकणकडच्या गावातले, कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना मी फक्त जय भीम करण्यापुरता ओळखत होतो. वंदना संपल्यावर ते माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "किती दिस झालं लावून?"

मी समजलो नाही असं दाखवलं. त्यांनी सरळ स्वतःच्या पायजम्याचा पाय गुडघ्यापर्यंत वर केला. पोटरीवर पिशवी बांधलेली होती, निम्मी भरलेली.

"मला दीड वरीस झालं. गाडीवरनं पडलो, मणक्याला मार बसला. आता ही कायमचीच हाय. म्हैन्याला बदलायची."

"मला पाच आठवडे," मी म्हणालो.

"पाच आठवड्यात एवढं तोंड पाडलंय?"

मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त शरम. त्यांनी मला संडासाकडे नेलं आणि दार लावून घेऊन दाखवलं : नळी मांडीला पट्टीने जरा सैल बांधायची, म्हणजे चालताना आत ओढ बसत नाही, पट्टी एक दिवस डाव्या मांडीला, एक दिवस उजव्या. माझी पट्टी इतके दिवस करकचून एकाच जागी होती आणि तिथली कातडी सोलली होती. हे ना कागदावर होतं, ना मी कुणाला विचारलं होतं. पिशव्या रिकाम्या करून आम्ही दोघं बाहेर आलो आणि खीर घेतली. बायको लांबून बघत होती.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी नळी निघाली. पहिली धार आली तेव्हा निखारे ओतल्यासारखी आग झाली, रंग गुलाबी होता, आणि मी दार न लावताच भांडं बघत ओरडलो, "दोनशे दहा!" सिस्टरांनी ते वहीत लिहिलं.

सगळं लगेच सुरळीत झालं, असं नाही. पुढचे दोन महिने लघवी लागली की पळावं लागायचं, आणि पळूनही कधी कधी उशीर व्हायचा. पीएमटीच्या बसमध्ये बसायची हिंमत नव्हती. त्याचाही मला संताप येई, आणि तो मी बायकोवर काढे. एकदा ती शांतपणे म्हणाली, "नळी होती तेव्हा नळीवर चिडत होता. आता कुणावर चिडायचं ते तुम्हीच ठरवा, फक्त माझं नाव घेऊ नका."

पुढच्या एका पौर्णिमेला ते म्हातारे गृहस्थ भेटले. मी बरा झालो, हे त्यांना सांगताना मला अवघडल्यासारखं झालं. त्यांनीच विचारलं, "धार कशी हाय?"

"चांगली आहे."

"मग झालं की." आणि लगेच म्हणाले, "मंगळवारी माझी बदलायची हाय. पोराला रजा न्हाई. येता का सोबत?"

गेलो. रांगेत दीड तास उभं राहावं लागलं, पंखा बंद होता, आणि खिडकीवरच्या माणसाने आम्हाला दोनदा चुकीच्या खोलीत पाठवलं. तिसऱ्यांदा मी त्याच्याशी जोरात भांडलो. म्हातारे भिंतीला टेकून हसत होते. आता दर महिन्याला त्यांच्याबरोबर जातो, आणि दर महिन्याला तिथे कुणा ना कुणाशी माझं वाजतंच.