वीस पावलांवरची दाल मिल

पावलं मी स्वतः मोजली. आमच्या ओसरीच्या खालच्या पायरीपासून शेजारच्या प्लॉटवर चुन्याची रेघ मारली होती तिथपर्यंत, पदर खोचून, भर उन्हात. वीस भरली. परत येताना मोजली तर अठराच. रागानं चाललं की पाऊल मोठं पडतं.

ती रेघ म्हणजे पायाची आखणी होती. इथं तुरीची दाल मिल होणार हे मला गवंड्यानं सांगितलं, तेही तो प्यायला पाणी मागायला आला म्हणून. मी तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिले. मला खरंच वाटेना. हे घर आम्ही बांधलं होतं ते मुळात धूळ टाळायलाच.

आमचे गुरुजी, म्हणजे माझे यजमान, जिल्हा परिषदेच्या शाळेत उभा जन्म शिकवून निवृत्त झाले आणि शाळेतून दमा घेऊन घरी आले. खडूनं झाला की आणखी कशानं, देव जाणे. जालन्याच्या डॉक्टरांनी मात्र मला बाजूला घेऊन बजावलं होतं की यांना धूळ आणि भुसा यांच्यापासून लांब ठेवा, फुप्फुसात आता फार काही शिल्लक नाही. गावातलं आमचं जुनं घर पिठाच्या गिरणीला लागून होतं. ते पुतण्याला दिलं आणि जालन्याहून मंठ्याला जाणाऱ्या रस्त्यावर, गावाच्या अगदी कडेला हे नवीन बांधलं. पहिल्याच वर्षी गुरुजी औषधाचा पंप कुठं ठेवला ते विसरायला लागले. पंप विसरणं ही आमच्या घरातली सगळ्यात मोठी चैन होती.

ज्यानं दाल मिल जवळून पाहिली नाही त्याला सांगते. तूर भरडली की डाळ पोत्यात जाते, चुरी गुरांना जाते. टरफलाची जी बारीक भुकटी उडते ती कुठं जाते, हे मात्र मिलवाला कधी सांगत नाही. ती शेजाऱ्याकडं जाते.

मी अंगणवाडी सेविका होते. आयुष्यभर रजिस्टरं भरली, त्यामुळं कागदाला मी भीत नाही. आमच्या ओळीत आठ घरं. समोरच्या घरातली बाई मंठ्याच्या शाळेत शिक्षिका आहे, तिला बरोबर घेतलं आणि दारोदार हिंडले. काहीजण म्हणाले, मिल नकोच. मी म्हटलं, प्लॉट त्याचा आहे, त्याला बांधू नको कसं म्हणणार? पण कसं बांधायचं ते तर सांगता येतं. यंत्र रस्त्याच्या अंगाला बसवायचं, घरांच्या अंगाला नाही. मधे बारा फुटी भिंत आणि भिंतीला धरून कडुनिंबाची ओळ. भुकटी बंद खोलीत धरायची. ट्रक आमच्या दारांवरून न्यायचे नाहीत. एवढं ठरावात लिहून घेतल्याशिवाय ग्रामसभेनं ना हरकत द्यायची नाही, असा अर्ज मी केला. आठही घरांच्या सह्या झाल्या. आमच्या घराची सही अर्थातच माझी.

ग्रामसभा ग्रामपंचायतीपुढच्या मांडवात भरली. गुरुजी आले नाहीत, घसा बसलाय म्हणाले. मिलवाला पहिल्या रांगेत हात जोडून बसला होता. हा गावचाच मुलगा. जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये कामाला गेला, नंतर भुसार मालाच्या धंद्यात पडला आणि बघता बघता मोठा झाला. मला पाहून तो उठला आणि पाया पडला. मी मनात म्हटलं, पड बाबा, भिंत मात्र बांधावीच लागेल.

ग्रामसेवकांनी माझा अर्ज वाचला. माना हलल्या. समोरच्या बाईनं माझा हात हातात घेतला. मला वाटलं, झालं काम.

मग ग्रामसेवकांनी फाइलमधून आणखी एक कागद काढला.

मी बसले होते तिथून अक्षर दिसत नव्हतं, पण समास दिसला. डाव्या अंगाला लाल शाईनं, पट्टी लावून आखलेला. आमच्या सगळ्या गावात असा समास एकच माणूस आखतो. ग्रामसेवक वाचायला लागले. प्रस्तुत जागेला माझे घर सर्वांत जवळ असून, दाल मिल सुरू करण्यास माझी कोणतीही हरकत नाही. त्यासाठी कोणतीही अट घालण्याची आवश्यकता मला वाटत नाही. खाली सही आणि तारीख.

"घर गुरुजींच्या नावावर हाय," ग्रामसेवक माझ्याकडं न बघता म्हणाले. "सगळ्यात जवळच्या मालकाचीच हरकत न्हाई, मंग बाकीच्यांचं काय धरायचं?"

समोरच्या बाईनं आपला हात काढून घेतला. जोरात नाही, हळूच काढला, आणि तेच मला जास्त लागलं. मांडवातली तोंडं माझ्याकडं वळली. त्या तोंडांवर काय होतं ते मला नीट वाचता येत होतं. नवरा-बायकोनं मिळून ओळीला फसवलं. बाई सह्या गोळा करत हिंडली आणि मालकानं मागच्या दारानं सौदा केला. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसं काही झालं नाही. जमीन जागच्या जागी होती, मलाच तिच्यावरून उठता येईना. हात वर झाले. एकाही अटीशिवाय ठराव पास झाला.

घरी आले तर गुरुजी ओसरीवर शेंगा फोडत बसलेले. मी चप्पलही काढली नाही.

"तुम्ही लिहून दिलं?"

"दिलं."

"कधी?"

"परवा. तू सह्या घ्यायला गेल्तीस, तवा त्यो आल्ता."

त्यांनी आत बोट दाखवलं. कपाटात, माझ्या साड्यांच्या खाली, घडी न मोडलेली एक शाल होती आणि तिच्यावर नारळ. दोन दिवस ती माझ्याच कपाटात होती आणि मला पत्ता नाही. या माणसाला कधी साधी थाप मारता आली नाही, आणि त्यानं शाल लपवली.

"शाल घातली त्यानं," गुरुजी सांगायला लागले. "पाया पडला. म्हन्ला, गुरुजी, धंदा चालू करून राह्यलो, पह्यला आशीर्वाद तुमचा पाह्यजे. म्या डोक्यावर हात ठिवला. मंग त्यानं कोरा कागद फुडं केला. आता काय, दिलेला हात काढून घ्यायचा?"

"आशीर्वाद द्यायचा होता ना, द्या की. अटी कशाला सोडल्या?"

"आशीर्वादाला अटी नसत्यात."

"आन् तुमच्या छातीचं काय?"

त्यांनी दोन-तीन शेंगा फोडल्या, दाणे तसेच मुठीत धरून बसले. मग म्हणाले, "चौथीत नापास केल्तं म्या त्याला. दोनदा. लई मारलं बी. माझ्या हाताखालून किती पोरं गेली, कोन डॉक्टर झालं, कोन इंजिनीयर झालं. शाल घिऊन दारात ह्यो एकटाच आला."

चिडायला शब्द पुष्कळ होते. पण इतक्या वर्षांच्या संसारात त्या माराची बोचणी या माणसाच्या मनात आहे हे मला ठाऊक नव्हतं. मला धक्का कशाचा जास्त बसला, पत्राचा की याचा, ते आजही सांगता येत नाही. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी चहात मुद्दाम साखर घातली नाही. त्यांनी तो मुकाट्यानं पिला, त्यामुळं माझा राग आणखीच वाढला.

मिल उभी राहिली. अट नव्हतीच, त्यामुळं यंत्र आमच्या अंगाला बसलं. त्यात त्याचा काही डाव होता असं मी म्हणणार नाही. ट्रकला वळायला पलीकडची बाजू सोयीची पडत होती, एवढंच.

उद्घाटनाला फीत कापायचा मान गुरुजींना होता. त्यांनी धुवट धोतर नेसलं, ती शाल घेतली. मी जाणार नव्हते, पण त्यांना धाप लागली तर कोण बघणार म्हणून गेले. फीत कापून झाली. मग मिलवाल्यानं वर बांधलेल्या कापडाची दोरी ओढली आणि पाटी उघडी पडली. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत गुरुजींचं नाव. आडनावासकट पूर्ण. त्याच्यापुढं, दाल मिल.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी रडले. त्यांना असं चारचौघांत रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी मात्र पाटीकडं बघतच राहिले. माझ्या नवऱ्याचा जीव घ्यायला निघालेल्या त्या पत्र्याच्या शेडला माझ्याच नवऱ्याचं नाव दिलेलं. असं कुठं कोणी ऐकलंय का?

तुरीचा हंगाम लागला आणि भुकटी आली. ओसरीवर, तुळशीवर, झाकलेल्या पिठाच्या डब्यातसुद्धा. मी खिडक्यांना ओली फडकी लावली, दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्या. सकाळी लावलेलं फडकं दुपारी पिवळं होऊन चरचरीत वाळलेलं असायचं. गुरुजी उशाला लोड लावून बसल्या बसल्याच झोपायला लागले. पंप आता कधी विसरत नव्हते. तरी दिवसा खुर्ची ओसरीवर टाकून ते पाटीकडं तोंड करून बसायचे. ट्रकवाले फोनवर त्यांचं नाव घेऊन रस्ता विचारायचे, आणि हे धापा टाकत हसायचे.

मी मिलवाल्याकडं गेले. निदान भिंत तरी बांध म्हटलं. तो खुर्चीवरून उठला, पाया पडला, चहा मागवला.

"काकू, बारा फुटी भिंत म्हंजे खर्चा लई हाय. आन् ठरावात तर आट न्हाई. बराबर हाय ना? गुरुजींनीच लिहून दिल्यालं हाय." तो हे बिलकुल उर्मटपणे बोलला नाही. मला तर वाटतं, आपण गुरुजींचं नाव मोठं केलं या आनंदात त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं.

जालन्याचे डॉक्टर म्हणाले, घर बदला नाहीतर मिल हलवा. घर बदलायला गुरुजी तयार नाहीत. तक्रारीचा विषय काढला की म्हणायचे, "माझ्या नावाची मिल हाय. तक्रार करायची न्हाई." ओळीतलं कोणी आता माझ्याबरोबर सही करायला येणार नव्हतं. समोरची बाई बोलायची, पण दारातूनच.

माघ महिन्यातल्या एका सकाळी गुरुजी मला काही सांगायला लागले आणि वाक्य पुरं करू शकले नाहीत. तीनदा सुरुवात केली. शेवटी हातानंच, राहू दे म्हणाले. उभ्या जन्मात ज्यानं कोणाचं अर्धवट उत्तर चालवून घेतलं नाही, त्या माणसाचं वाक्य अर्धवट राहिलं. मी त्यांना पेज दिली, पंप हाताशी ठेवला, बाजारात जाते म्हणून सांगितलं आणि जालन्याची एसटी धरली.

प्रदूषण मंडळाच्या ऑफिसात टेबलापलीकडं एक पोक्त कारकून होता. मी अर्ज पुढं केला. त्यानं वाचला आणि कॉम्प्युटरकडं वळला.

"मिलचं नाव लिव्हलं न्हाई, मावशी."

खरं होतं. सहीत ते नाव मी हजारदा लिहिलं असेल. पण अर्जात 'विरुद्ध' या शब्दापुढं ते लिहायला पेनच उचलेना, म्हणून नुसतं 'शेजारची दाल मिल' लिहून नेलं होतं.

"पाटीवर हाय," मी म्हटलं.

"पाटी मला हितून दिसत न्हाई. तोंडानं सांगा, मी टाइप करतो."

नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेतलं ते लग्नात आणि हळदीकुंकवाला, तेही उखाण्यात गुंफून, चार बायका हसत असताना. एरवी कधी नाही. रेशनच्या दुकानात विचारलं तर कार्डावर बोट ठेवलं. दवाखान्यात, आमची मुलगी सासरी जाईपर्यंत, तिला सांगायला लावलं. आमच्यात तशी रीतच आहे, आणि मला ती कधी जड वाटली नव्हती. कारकून बोटं टेकवून थांबला होता. मागं रांग होती.

मी नाव घेतलं. आडनावासकट, पाटीवर आहे तसं पूर्ण. आवाज माझाच होता, पण मीच दचकले.

त्यानं टाइप केलं. "अर्जदाराचं नाव?"

मी माझं नाव सांगितलं, मग पुन्हा त्यांचं, मग आडनाव. आता ते तोंडातून सरळ निघालं. कारकुनाची बोटं थांबली. त्यानं पडद्यावर वर पाहिलं, खाली पाहिलं, मग चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं.

"वर बी त्येच नाव, खाली बी त्येच? मावशी, मालकावरच तक्रार करून राह्यल्या का काय?"

"तसंच समजा," मी म्हटलं. "पण जल्दी लिव्हा. बाराला लाइट येती, मिल चालू होती. आन् ते घरी एकलेच हायेत."