रानातला खोकला

१९९१ साल. तो एकसष्ट वर्षांचा होता, आणि समोरचा बोलत असला की मध्येच एक बोट उभं करून "ऐक" म्हणायचा. मग आपण गप्प. काय ऐकायचं ते मात्र सांगायचा नाही. कारखान्यात प्रेस मशीनजवळ त्याने असं बोट उभं केलं की फोरमनसुद्धा थांबायचा. निम्म्या वेळा काहीच नसायचं. पण थांबायचे सगळे.

नाव सांगत नाही. इंग्लंडात, स्लाऊमधल्या आमच्या रस्त्यावर पोरंथोरं त्याला मामा म्हणायची. मी एकटा 'अरे' म्हणायचो, कारण तो माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा आणि आमच्या घरांमध्ये भिंत एकच. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, आणि सगळ्या रस्त्याची पोटं आपल्याच भरवशावर आहेत असा समज. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो गेला. त्याच्या आधीच्या हिवाळ्याबद्दल मला सांगायचं आहे.

हा गडी शिकारी. आजऱ्याकडचा. बाप रानडुकरांमागे हिंडणारा, त्यामुळे ह्याचेही हात शिवशिवायचे. ग्लॉस्टरच्या बाजूला एका शेतकऱ्याचा गहू हरणं खायची. त्या शेतकऱ्याची परवानगी आणि पोलिसांचं लायसन्स ह्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकट्याने मिळवलं. रायफल जिन्याखाली लोखंडी कपाटात. एकदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पोलीस तपासणीला आला. कपाट उघडलं, तर रायफलीला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल.

"हे काय?" पोलीस म्हणाला.

"ॲन्युअल सर्व्हिस," हा म्हणाला.

पोलिसाने फूल उचलून वास घेतला, परत जागेवर ठेवलं आणि चहा पिऊन गेला.

शिकार मिळाली की रविवारी गॅरेजमध्ये जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून तो वाटे घालायचा, गावाकडे घालतात तसे. आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक मराठी घराला एक. बायका भांडी घेऊन उभ्या.

"मामा, मागच्या वेळी आम्हाला नुसती हाडं आली."

"तुझ्या नवऱ्याला दात आहेत ना? मग चावू दे की!"

गोरे शिकारी हरीण मारलं की तिथेच पोट उघडून आतलं सगळं कोल्ह्यांना टाकून देतात. ह्याला ते बघवायचं नाही. काळीज, फुप्फुस, गुर्दे हा प्लास्टिकच्या बादलीत भरून घरी आणायचा. शेतकरी बादलीकडे बघून म्हणायचा, "तुझं कुत्रं नशीबवान आहे." "कुत्रं नाही, शेजारी आहे," म्हणून हा माझ्याकडे बोट दाखवायचा. मला राग यायचा नाही. फुप्फुसाचं सुकं, कांदा-खोबरं, वरून लिंबू. ज्याने खाल्लं नाही त्याला काय समजावणार, आणि मी कोणाला समजावत बसणाराही नाही.

त्या सप्टेंबरात माझ्या सुनेला दिवस गेल्याचं कळलं. मीना स्लाऊचीच, तिथेच जन्मलेली, मराठी तिच्या पद्धतीची. डोहाळे लागले ते नेमके ह्या फुप्फुसाचे. "मामा, तुमचा हरीण एकदम बेस्ट होता. अजून आणा ना." झालं! तेव्हापासून बादलीतला पहिला वाटा तिचा. तो स्वतः डबा घेऊन यायचा आणि ती खाईपर्यंत पायरीवरून हलायचा नाही.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी मी त्याच्याबरोबर रानात होतो. बीचच्या झाडांची उतरण, खाली ओढा. धुकं एवढं की झाडांचे बुंधे अधांतरी सुरू होत होते. खाली ओल्या पानांचा थर, त्यामुळे आपल्याच पावलांचा आवाज येत नव्हता. तो थांबला. बोट उभं केलं.

खोकला. माणसाचा. आधी कोरडा, दोनदा. मग छातीच्या तळातून एक, आणि शेवटी खाकरल्यासारखं. माझी थोरली बहीण माजघरात पडद्यामागे वर्षभर अशी खोकत होती. मी लहान होतो, पण तो आवाज कानातून गेलेला नाही.

"कोण आहे?" मी हाक मारली. इंग्रजीतही मारली. उत्तर नाही. थोड्या वेळाने खोकला खालून आला, ओढ्याकडून. मग डावीकडून. मग आमच्या पाठीमागून, जिथून आम्ही आत्ताच चालत आलो होतो.

"माणसं नाहीत ती," तो हळूच म्हणाला.

धुकं जरा सरकलं आणि समोर हरणाची मादी दिसली. आपल्या चितळाच्या तोंडवळ्याची जात ती, पण हिची पुठ्ठ्याची हाडं वर आलेली आणि गळ्याखाली लिंबाएवढी गाठ. ती आमच्याकडे बघत होती. हरीण माणसाला बघून पळतं, आपल्या डोळ्यांना तीच सवय. ते न पळता बघत राहिलं की आपणच पळावं असं वाटायला लागतं. त्याने टाळी वाजवली.

"पळ की गं. पळ."

ती पळाली नाही. पुढचे पाय दुमडून, आमच्याकडे तोंड करून, गोठ्यातल्या गाईसारखी खाली बसली आणि खोकली. नाकातून वाफ आली.

त्याने गोळी घातली. तिला तसं सोडणं त्याच्याने होणार नव्हतं. गोळीचा आवाज उतरणीवरून खाली गेला, परत आला, आणि मग मला दिसलं की धुक्यात आमच्या चारी बाजूंनी कान हलताहेत. सगळा कळप तिथेच होता. एकही जनावर पळालं नव्हतं.

त्याने सुरीने तिची छाती उघडली. आत फासळ्यांवर, फुप्फुसावर, सगळीकडे भिजवलेला साबुदाणा चिकटवावा तसे दाणे. फुप्फुसातली गाठ कापली तर आतून चक्क्यासारखा पू. तो गुडघ्यावर बसला होता. सुरी खाली ठेवली, पण हात उचलवेना.

"हे मी आधी बघितलंय," तो म्हणाला.

"कुठं?"

"दसऱ्याच्या आधी आणलेल्या त्या नरात. थोडेसेच होते. मला वाटलं जंत असतील. तेवढं कापून टाकलं आणि बाकीचं..."

"बाकीचं काय?"

"बादलीत."

ती बादली कोणाच्या घरी गेली होती ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. धुक्यात परत कोणीतरी खोकलं.

बंदुकीचा आवाज ऐकून शेतकरी आला. त्याने एकदाच आत डोकावलं आणि तोंड फिरवलं. "पुरून टाक," म्हणाला. "हा क्षय आहे. कायद्याने कळवावं लागतं. जनावरांचे सरकारी डॉक्टर आले की माझ्या गाई तपासतील. एक जरी आजारी निघाली तरी मी बुडालो. पलीकडच्या रानातले शिकारी पुरतातच की गपचूप."

"माझ्या घरी पोटुशी पोर आहे," हा म्हणाला. माझ्या घरी म्हणाला. मला तेव्हा ते खटकलं नाही, आजही खटकत नाही.

त्याने सरकारी डॉक्टरला कळवलं. पलीकडचे शिकारी त्या दिवसापासून ह्याला बघून रस्ता बदलायला लागले. शेतकरी बोलायचा बंद झाला, फाटक तेवढं उघडं ठेवायचा.

रविवारी तो घरोघर गेला. दरवेळी बूट काढून पायरीच्या खाली उभा राहायचा, देवळात राहावं तसा. "मी दिलेलं मटण आजारी जनावराचं होतं. चूक माझी. डॉक्टरकडे जाऊन या." एका बाईने फ्रीझरमधली पाकिटं आणून त्याच्या पायांशी टाकली. एक जण म्हणाला, "मामा, चांगलं शिजवलं होतं हो, काही होत नाही." सगळ्यात मोठा वाटा मागून नेणारा म्हणाला, "मी तर पहिल्यापासून सांगत होतो, रानातलं खाऊ नये." आमच्या दारात माझा मुलगा त्याला नाही नाही ते बोलला. हा मान खाली घालून ऐकत होता. आतून मीना म्हणाली, "ओरडू नको ना त्यांच्यावर. मीच मागत होते." ते ऐकल्यावर मात्र हा तिथे थांबला नाही.

क्लिनिकमध्ये क्षयाच्या तपासणीसाठी सगळ्यांच्या हातात सुया टोचल्या. दोन-तीन दिवसांत सगळ्यांचे हात लाल होऊन फुगले. रस्त्यावर जो भेटेल तो बाही वर करून दाखवतोय, चेहरे पांढरेफटक. आयरिश नर्स म्हणाली, तुम्हा लोकांचे हात फुगायचेच, लहानपणापासून तो आजार तुमच्या आसपास असतो. ह्यावरून काही कळत नाही, छातीचे फोटो काढा. एकेकाचे फोटो निघाले. सगळे स्वच्छ. मीनाचा काढता येईना. पोटात बाळ, तेव्हा बाळंत होईपर्यंत थांबायचं.

"शिजवलेल्याची भीती कमी," नर्स म्हणाली. "ज्याने ती जनावरं उघड्या हातांनी साफ केली त्याचा फोटो आधी काढा." तिने बोलावलं, तर हा उठून दाराशी गेला.

"आधी तिचा," म्हणाला.

"अरे, तिचा एप्रिलमध्ये. तुझा आत्ता काढतायत."

"आधी तिचा. मग माझा."

मी हट्टी आहे असं आमच्या घरात म्हणतात. त्यांनी ह्याला क्लिनिकच्या दारात बघायला पाहिजे होतं.

मग हिवाळा. स्लाऊमध्ये डिसेंबरात कोण खोकत नाही? त्या वर्षी मात्र प्रत्येक खोकल्याला रस्ता दचकायचा. संध्याकाळी कामावरून येताना दिसायचं, हा फुटपाथवर कोणाच्या तरी खिडकीसमोर उभा. बोट वर. आतून खोकला आला की मान हलवायचा आणि पुढच्या खिडकीशी जायचा. पोरं त्याला बघून आईच्या मागे लपायला लागली. आमच्या खिडकीशी तो सगळ्यात जास्त वेळ थांबायचा. मीना पडदा बाजूला करून हात हलवायची. हा हात हलवायचा नाही, नुसता ऐकायचा.

सरकारी डॉक्टर म्हणाले, त्या उतरणीवरचा कळप ठेवता येणार नाही. बाहेरची माणसं बोलावतो. हा म्हणाला, बाहेरची नकोत, घाईत गोळी घालतात आणि जनावर पाय ओढत दोन दिवस जगतं. मी करतो. हिवाळाभर दर शनिवारी तो जायचा. मी बरोबर असायचो. मारलेली जनावरं उचलायला दुसरा माणूस लागतो. डॉक्टरांनी हातमोजे दिले होते, ते मी घालायचो. ह्याचे खिशात.

गोळी सुटायची, एक पडायचं, बाकीची तिथेच उभी. पडलेल्याला हुंगायची आणि आमच्याकडे बघायची, जणू आता पुढचं कोण ते आम्हीच सांगायचं होतं. एकही वाटा झाला नाही. सगळी जाळली.

फेब्रुवारीच्या अखेरीला रान रिकामं झालं. मागे काही राहिलं का बघायला आम्ही शेवटचे गेलो. पाखरू नाही, वारा नाही. मी ओढ्यापर्यंत उतरलो, तो वर झाडांत होता. आणि परत तो खोकला आला. आधी कोरडा, दोनदा. मग तळातून एक. मग खाकरल्यासारखं.

ह्या वेळी बोट मी उभं केलं. "ऐक! राहिलंय एक," मी वर बघून म्हणालो.

तो झाडाला टेकून उभा होता. रुमाल तोंडाला. रुमाल खिशात घालून म्हणाला, "चल, उशीर झाला."

त्यानंतर मला तो खोकला आमच्या मधल्या भिंतीतून ऐकू यायला लागला. सकाळी मी चहा टाकला की भिंतीपलीकडे रान सुरू व्हायचं. मी भिंतीवर मूठ आपटायचो. "अरे, जा की डॉक्टरकडे!" पलीकडून रेडिओचा आवाज मोठा व्हायचा.

एप्रिलमध्ये मीनाला मुलगी झाली. थोड्या दिवसांनी तिच्या छातीचा फोटो निघाला. ती निकाल घेऊन क्लिनिकमधून आली ती आमच्या दारात न येता, कोटही न काढता, बाळ घेऊन थेट शेजारच्या दारात. मी तिच्या मागे. त्याने दार उघडलं. शर्ट खांद्यांवर टांगल्यासारखा दिसत होता.

"मामा, माझं फोटो एकदम क्लियर आला. बाळ पण ओके. घ्या ना तिला."

त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एक एक पाऊल मागे सरकत जिन्यापर्यंत गेला.

"लांब धर," म्हणाला. "तिथूनच दाखव."

मीनाने पांघरूण बाजूला केलं. त्याने बोट उभं केलं. आम्ही गप्प झालो. बाळ झोपेत श्वास घेत होतं, बारीक, सरळ, मध्ये कुठे काही अडत नव्हतं. तो डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला. मग जिन्याच्या पायरीवर बसला, तोंडावर रुमाल धरला आणि आम्हाला हातानेच जा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिनिक उघडायच्या आधीच तो दाराशी जाऊन उभा राहिला. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट. नर्स किल्ल्या घेऊन आली, तेव्हा त्या शर्टाची बटणं त्याने आधीच सोडून ठेवली होती.