बकरीदच्या दोन दिवस आधी

प्रिय ऋता आणि निहार,

हलीमामावशीला जाऊन सहा आठवडे झाले. दफन झालं त्या दिवशी तुम्ही दोघांनी फोनवर मला विचारलंत, की ती आपल्या तुळजापूरची, मग अमेरिकेत आली कशी? आणि आईला विचारलं की ती म्हणते, आजीला विचारा. मी इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण ती होती तोवर ते सांगायचं की नाही हे तिनं ठरवायचं होतं. जायच्या आधी महिनाभर तिनंच मला मोकळं केलं. "बाई, आता पोरांना सांगा," ती म्हणाली, "आन् तुमची चूक बी सांगा. ती गाळली तर मजा न्हाय." म्हणून लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण इंग्रजीत मी ही हकिगत एकदा लिहिली होती आणि ती कशी फसली तेच सांगायचं आहे. वाचायला वेळ लागेल. आईला शेजारी बसवा.

तिच्या लेकीचा, नसरीनचा, फोन आला तेव्हा मी वर्तमानपत्रांची रद्दी बांधत होते. "बाई, अम्मी गेली," एवढंच म्हणाली ती. फोन खांद्यात धरून मी नुसतीच सुतळीला गाठीवर गाठ मारत राहिले. नंतर तुमच्या आजोबांना तो गठ्ठा कात्रीनं सोडवावा लागला.

हलीमा तामलवाडीची. सातवीपर्यंत माझी विद्यार्थिनी होती, एस.टी.नं यायची, रोज उशिरा यायची आणि रोज मी तिला दाराबाहेर उभी करायची. लग्न होऊन ती तुळजापुरातल्या मणेरांच्या घरात आली. देवळाच्या रस्त्यावर त्यांचं बांगड्यांचं दुकान. दर्शन झालं की बायका तिथं हात पुढं करून बसत. हलीमाला कधी माप विचारावं लागलं नाही. हात हातात घेतला, अंगठ्याखालचं हाड जरा दाबलं, की त्याच मापाचा जोड ती मागं न बघता ओढायची. माझ्या हाताला म्हणायची, "बाई, ह्यो हात छडी धरून ताठ झालाय, जरा ढिल्ला सोडा की."

नसरीन सात वर्षांची असताना हलीमाचा नवरा वारला. तेव्हा तिच्या सासूनं केलेली एक गोष्ट मला फार आवडली होती. तिनं सुनेच्या हातात स्वतः काचेच्या बांगड्या पुन्हा भरल्या. म्हणाली, "मणेरणीचे हात रिकामे दिसले तर कोन बसंल तिच्यापुढं?" पण दुकान दिराच्या ताब्यात गेलं आणि हलीमा घरात नुसती खाणारी ठरली. मग नसरीन नऊ वर्षांची असताना सोलापूरचा एक एजंट आला. अरबांच्या देशात एका श्रीमंत घरी मुलं सांभाळायची, दोन वर्षांनी परत. ती मला विचारायला आली होती. मी करारपत्र वाचलं, त्यातल्या इंग्रजीच्या दोन चुका तिला दाखवल्या आणि म्हटलं, बाकी ठीक दिसतंय. हेही लिहून ठेवते.

ते कुटुंब वर्षभरात अमेरिकेला गेलं आणि हलीमालाही घेऊन गेलं. तिचा पासपोर्ट आणि मोबाईल दोन्ही बाईसाहेबांच्या कपाटात. पगार नाही, सुट्टी नाही, दाराबाहेर फक्त कचऱ्याचा डबा ठेवण्यापुरतं जायचं. अशी तीन वर्षं. इकडे आम्हाला वाटत होतं, ती तिकडं रमली आणि विसरली. एका दुपारी आमचा घरचा जुना फोन वाजला. "बाई, म्या हलीमा बोलतीय. अमेरिकेतून." कचरा ठेवायला बाहेर पडली ती तशीच चालत सुटली होती, आणि दिवाळीत ज्या घराच्या दारावर तोरण पाहिलं होतं त्या घराची घंटा तिनं वाजवली होती. त्या गुजराती बाईनं तिला चहा दिला आणि फोन पुढं केला. मोबाईलमधला एकही नंबर हलीमाला पाठ नव्हता. आमचा होता. पूर्वी दुकानात फोन नव्हता, तेव्हा मालवाल्यांचे निरोप आमच्याकडे यायचे आणि हा नंबर तिनं शेकडो वेळा लोकांना सांगितला होता.

तुमची आई चार तास गाडी चालवून तिच्याकडे गेली. तिनंच वकीलबाई शोधल्या. तुमच्या देशात एक कायदा आहे, मुलांनो. कुणाला फसवून आणलं, डांबून राबवलं, आणि त्या माणसानं पोलिसांना तपासात मदत केली, तर त्याला परत न धाडता तिथं राहू देतात. त्याच्या लहान मुलांनाही तिथं आणता येतं. हलीमानं या दुसऱ्या वाक्यासाठी सगळं केलं. कारण ती पोलिसांशी बोलली हे समजताच एजंटाचा माणूस तुळजापुरात तिच्या सासूच्या दारात आला होता. "तुमच्या सुनंनं तिकडं अजून तोंड उघडलं तर पोरगीचं काय खरं न्हाय." त्याच संध्याकाळी म्हातारी नसरीनला हाताला धरून आमच्याकडे घेऊन आली. "बाई, तुमच्या घरात कोन शिरत न्हाय. ठेवून घ्या." तेव्हापासून नसरीन आमच्याकडे राहिली. तिथं राहण्याचा अर्ज नामंजूर झाला असता तर आई परत त्याच गल्लीत येणार होती, आणि त्या माणसाला दार ठाऊक होतं.

अर्जासोबत हलीमाचा जबाब इंग्रजीत द्यायचा होता. दुभाष्याला तिची भाषा नीट कळत नव्हती. अर्धी मराठी, अर्धी दखनी. वकीलबाईंनी मला विचारलं. तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला कुणी असं विचारावं आणि तिनं फुलून जाऊ नये? हलीमा फोनवर सांगायची, मी लिहायची. ती सुरुवातच मधून करायची, पुढचं मागं, मागचं पुढं. मी ते सगळं क्रमानं लावलं, परिच्छेद पाडले. ती तारखा सांगत नसे. नवरात्राच्या आधी, रमजानच्या मधे, असं सांगायची. मी त्या ठिकाणी नीट तारखा घातल्या. अमेरिकेतल्या त्या घरात ती पोचली ती "बकरीदच्या दोन दिवस आधी". मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, चालू वर्षाची बकरीद शोधली, दोन दिवस वजा केले, फक्त साल तीन वर्षांपूर्वीचं घातलं. फार सुबक झाला होता कागद.

काही महिन्यांनी अर्ज तपासणाऱ्या कार्यालयाचं पत्र आलं. पोलिसांना सापडलेल्या पासपोर्टवर अमेरिकेत उतरल्याचा शिक्का होता, आणि माझ्या जबाबाप्रमाणे हलीमा त्याच्या महिनाभर आधीच तिथं भांडी घासत होती. खुलासा करा, नाहीतर बाकीच्या हकिगतीवर विश्वास कसा ठेवायचा?

मी पत्र पुनःपुन्हा वाचत बसले. शेवटी टेबलावर अभ्यास करणाऱ्या नसरीननं वर पाहिलं आणि विचारलं, "बाई, पन बकरीद दर साली एका तारखेला कुठं येती? ती दहा-अकरा दिवस मागं मागं येती की." तेरा वर्षांची पोर. माझं सगळं आयुष्य मुसलमान शेजारात गेलं. दर ईदला घरी शीरखुर्मा आला, मी वाटी धुऊन साखर घालून परत केली. पण तो सण दरवर्षी सरकतो, कधी उन्हाळ्यात येतो, कधी पावसाळ्यात, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. तुमचे आजोबा म्हणाले, "तुला जबाब लिहायला सांगितला होता, तू निबंध तपासलास."

हलीमाला मीच फोन करून चूक सांगितली. तिचं सगळं त्या कागदावर होतं, लेकीचं तोंड दिसणं त्या कागदावर होतं. ती हसली. "बाई, म्या पाच मिनिटं उशिरा आले तर दाराभायेर उभी करायच्या. तुमी तर महिनाभर लवकर आलाव." मग हळूच म्हणाली, "आता कसं व्हईल ओ?"

वकीलबाई म्हणाल्या, पुन्हा लिहा. या वेळी ती जिथून सुरू करते तिथूनच. चार दुपारी आम्ही फोनवर बसलो. ती प्रत्येक वेळी एकाच जागेवरून सुरू करायची, आणि तीच जागा मी पहिल्या कागदात तिसऱ्या पानावर ढकलली होती. बांगड्यांची. आवाज होतो म्हणून बाईसाहेबांनी अमेरिकेत पोचल्याच्या पहिल्याच दिवशी तिला हातातल्या बांगड्या काढायला लावल्या. निघेनात, तेव्हा साबण लावून ओढल्या. "बाई, नवरा मेला तवा बी हात रिकामे राह्यले नव्हते माझे." दोन दिवसांनी घरात पाहुण्यांना मटणाची दावत झाली आणि त्या मोठ्या पातेल्यांत तिचे उघडे हात कोपरापर्यंत होते, म्हणून तिला बकरीद पक्की आठवत होती. हे मी तिच्याच शब्दांत, तिच्याच क्रमानं उतरवलं. सोबत स्वतःचं एक पत्र जोडलं: तारखेची चूक माझी आहे, तिनं मला तारीख सांगितलीच नव्हती, मी चुकीच्या वर्षाची ईद मोजली. नोटरीपुढं सही करून त्यावर शिक्का घेतला. हलीमा म्हणाली, "तुमची चूक, आन् त्यावर शिक्का! शाळेतल्या पोरींना कळलं तर पेढे वाटतील."

आणखी बरेच महिने गेले. मग मंजुरी आली, आधी तिची, नंतर नसरीनची. पाच वर्षांनी मायलेकी भेटल्या. विमानतळावर तुमची आई होती, तिनं मला सांगितलं. हलीमानं लेकीसाठी बांगड्या आणल्या होत्या आणि त्या नसरीनच्या बोटांपुढं सरकल्याच नाहीत. नऊ वर्षांच्या हाताचं माप होतं ते. हलीमानं तो हात हातात घेतला, अंगठ्याखालचं हाड दाबून पाहिलं आणि तिथंच फरशीवर बसली. नंतर मला फोनवर म्हणाली, "बाई, माझं माप चुकलं." मी म्हटलं, "चुकू दे गं."

पुढची सात वर्षं तुम्हीही पाहिलीत. किराणा दुकानाच्या कोपऱ्यातलं तिचं बांगड्यांचं टेबल, दिवाळीत लागणारी बायकांची रांग, निहारला जबरदस्तीनं खिलवलेला शीरखुर्मा. दरवर्षी चांद दिसला की ती मला फोन करायची, "बाई, बकरीद कोन्त्या तारखेला ते लिवून घ्या," आणि खो खो हसायची. पोटाचं दुखणं कळलं तेव्हा उशीर झाला होता. हॉस्पिटलात असताना तिनं वकीलबाईंना बोलावून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, की मी गेले तर पोरीला परत पाठवतील का? वकीलबाईंनी नसरीनचं कायम राहण्याचं कार्ड तिच्या हातात ठेवलं. तिनं त्यावरचा फोटो पाहिला, नाव बोटानं चाचपलं, आणि मग डोळे मिटले, असं नसरीन सांगते.

दफनानंतर दिरानं तुळजापुरातून निरोप पाठवला, पोरीनं आता घरी यावं, स्थळ पाहू. नसरीननं मला विचारलं. मी म्हटलं, तुझं तू ठरव. ती म्हणाली, "अम्मीची कबर इथं हाय. माझं कॉलेज इथं हाय. कशाला येऊ?"

तुम्हीही मला तेच विचारलं होतंत, आता नसरीनताई जाणार का? नाही. ते कार्ड तिच्या स्वतःच्या नावावर आहे. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आईच्याच खोलीत राहते, आणि शनिवारी बांगड्यांच्या टेबलावर बसते.

तुमची,
आजी