फोनवरची बहीण

कपडे दुरुस्तीच्या दुकानात तिला सगळे टाचणी म्हणत. तोंडात सदा टाचण्या धरलेल्या, त्यामुळे गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तरी उत्तर मानेनेच. मालकीणबाई म्हणायच्या, "हिच्याकडून एक वाक्य काढण्यापेक्षा कोटाचं अस्तर बदलणं सोपं."

त्यांनी तिला रविवारी सकाळी बघायला हवं होतं. माहेराहून, थायलंडहून, धाकट्या भावाचा फोन आला की तिच्या जिभेचा पट्टा असा सुटायचा की विचारू नका. तेही भर स्वयंपाकघरात, नवऱ्याच्या देखत. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, स्वभावाने गरीब. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी थाई भाषेतलं त्याला ओ का ठो कळत नव्हतं. तो शीळ घालत भांडी विसळायचा, तिच्यासाठी स्टूल सरकवायचा, ती हसली की आपणही हसायचा. ती मात्र पोटातलं सगळं भडाभडा बोलून मोकळी व्हायची. कुणाला कळतच नाही तर दार कशाला लावायचं, असं तिचं सरळ गणित होतं. भाऊ सिनेमे काढायचा, एवढंच त्या गणितात धरायचं राहून गेलं.

मग या शहरात थाई सिनेमांचा महोत्सव भरला. बड्या कंपन्यांच्या दारात न जाता, पदरमोड करून काढलेले सिनेमे. त्यात भावाचाही लागला. "आपल्या आईच्या रिकाम्या घरावर आहे, ताई," एवढंच तो म्हणाला होता. टाचणीला आभाळ ठेंगणं झालं. तो आला त्याच दिवशी तिने त्याच्या कोटाच्या बाह्या आखूड करून दिल्या. मालकीणबाईंना आग्रहाचं निमंत्रण गेलं. नवऱ्याने तर नवा शर्ट घातला.

पडद्यावर आईचं घर आलं. खुंटीवरची पिशवी, भिंतीवरची ओल, बंद पडलेला पंखा. माणूस एकही नाही. नुसता एका बाईचा आवाज, फोनवर बोलणारा. आपलाच आवाज आपल्याला पटकन ओळखू येत नाही, तसं तिचं झालं. नवऱ्याने मात्र आवाजामागची शीळ ओळखली आणि तिला कोपराने ढोसलं.

"अगं, हा तर मी," तो कुजबुजला. केवढा खूश झाला होता.

तेवढ्यात पडद्याखाली, त्याला वाचता येणाऱ्या भाषेत, ओळ उमटली: 'माणूस वाईट नाही रे. पण याच्या शेजारी बसलं की दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसल्यासारखं वाटतं.'

आई वारली आणि तिला तिकडे जाता आलं नाही, त्या आठवड्यातलं ते बोलणं. पुढच्याच रविवारी तिने भावाला हेही सांगितलं होतं की मी रडत होते तोवर हा शेजारी जागा बसून होता. ते भावाने कापलं होतं. रिकाम्या घराला शोभलं नसेल.

कोपर हळूच बाजूला झालं. नवऱ्याने शेवटपर्यंत एकही ओळ सोडली नाही. ती उठून त्याच्या डोळ्यांवर हात ठेवू शकत नव्हती. सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता, आणि तिकिटं तिनेच वाटली होती.

दिवे लागल्यावर भाऊ मंचावर गेला. कुणीतरी विचारलं, बहिणीला हे माहीत आहे का? "ती इथेच बसलीय," म्हणत त्याने हात केला. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. नवऱ्यानेही वाजवल्या, सगळे वाजवत होते म्हणून. मालकीणबाई तेवढ्या खाली बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ जेवायला आला. ठरलेलंच होतं.

"रागावलीस, ताई?" त्याने थाईत विचारलं. "लोक रडले गं. खरं होतं म्हणूनच रडले."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू मोकळेपणी बोलली असतीस?"

तिच्या अंगाची लाही झाली. आईपाशी बोलायचं राहिलं ते तिने याच्यापाशी बोलायचं, आणि याने ते चव्हाट्यावर मांडायचं.

नवऱ्याला त्यातलं काही कळलं नाही. पण त्याने आपलं ताट उचललं. "तुम्ही बोला. मी आहे बाहेर," म्हणाला, आणि गॅलरीत जाऊन पाठीमागे दार लावून घेतलं. त्या घरात फोनच्या वेळी दार कधीच लागलं नव्हतं.

टाचणीने टेबलावरचा भावाचा फोन उचलला, बंद केला आणि परत त्याच्यापुढे ठेवला.

"आता बोल ना, ताई," भाऊ म्हणाला. "आपल्या भाषेत बोल."

तिने तोंड उघडलं. शब्द तर सगळे होते, पण याच्यापुढे त्यातला एकही काढवेना.

"घे," ती म्हणाली, इथल्या भाषेत, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तशी. "गार होतंय."