उशीच्या खोळीतली स्पोर्ट्स कार

आमच्या घरातली पहिली स्पोर्ट्स कार मी वॉशिंग मशीनमध्ये धुतली.

कार लहान होती, हे आधी सांगते. पावणेदोन फूट लांब, पांढरीशुभ्र, प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची. लहान मुलं एकमेकांवर दाबून बसवतात, तेच ठोकळे. आमच्या ह्यांचं सेनगावात बी-बियाणांचं दुकान आहे. दुकानाचं शटर खाली आलं की हे ठोकळ्यांत शिरतात. खोक्यावरचं चित्र बघून जोडायची गाडी ह्यांना चालत नाही. ही गाडी ह्यांनी स्वतःच्या मनानं बनवली होती. दारं वर उघडायची, स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळायची. नऊ महिने लागले. (मला दोन्ही लेकींच्या वेळी तेवढेच लागले, पण तेव्हा कोणी प्रदर्शन भरवलं नाही.)

ह्या गाडीसाठी मात्र प्रदर्शन होतं. रविवारी, हिंगोलीला. अकराच्या आत गाडी टेबलावर हवी, नाहीतर नाव रद्द. आमच्या ह्यांनी आयुष्यात कशातच भाग घेतलेला नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा हे पडदा ओढायला असायचे. त्यामुळे आठ दिवस घरात नुसती चुळबुळ. जेवायला बसले की भाकरीचे चौकोनी तुकडे करून एकावर एक रचायचे.

मी यादी करणारी बाई आहे. रविवारची यादी शनिवारीच तयार होती: अर्जाची झेरॉक्स, जेवणाचा डबा, गाडी गुंडाळायला जुन्या साड्या, साडेनऊला हिंगोलीला सवाऱ्या नेणारी अन्वरभाईंची जीप. सकाळी सात वाजता हे कटिंगला गेले, कारण फोटो निघण्याची शक्यता होती. मी यादीवरून बोट फिरवलं आणि थबकले. गाडीची पूजाच राहिली होती!

नवं वाहन पूजेशिवाय उंबऱ्याबाहेर काढणारं घर आमच्या गल्लीत नाही. आमच्याकडे ट्रॅक्टरची पूजा झाली, मोटरसायकलची झाली, फवारणीच्या पंपाचीही झाली. तरी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "इचारून काय राहिलीस? चाकं हायत ना तिला?"

चाकं होती. मी घरची हळद तुपात कालवली आणि बॉनेटवर ठसठशीत स्वस्तिक काढलं. कुंकवाची पाच बोटं ओढली. नारळ अंगणात फोडला (तेवढी अक्कल होती). राहिली चाकाखालची लिंबं. लिंबू चाकापेक्षा मोठं निघालं, म्हणून मी फोडी करून ठेवल्या आणि गाडीला मागून हलकासा धक्का दिला. चाक फोडीवरून घसरलं. बॉनेट उचकटलं, बंपर पलंगाखाली गेला आणि सासूबाई समाधानानं म्हणाल्या, "नजर उतरली."

बॉनेट परत दाबताना स्वस्तिक फिसकटलं. मी ओल्या फडक्यानं हळद पुसायला गेले, तर ती दारांपर्यंत पसरली. पावणेआठ झाले होते. अशा वेळी माणसानं रडत बसू नये, निर्णय घ्यावा. ठोकळे सोडवायचे, धुवायचे, वाळवायचे, परत जोडायचे. चार कामं, पाऊण तास. नऊ महिन्यांची गाडी वीस मिनिटांत सुटते, ही माहिती मला त्या दिवशी मिळाली. टायर बाजूला काढले, कारण काळं आणि पांढरं मी कधीच एकत्र धुवत नाही. बाकी सगळं उशीच्या खोळीत भरलं, तोंडाला गाठ मारली, मशीनमध्ये सोडलं आणि वरून बादलीभर कडकडीत पाणी ओतलं.

हळद आणि गरम पाणी! नणंदेच्या सुनेला मी याच चुकीवरून अर्धा तास ऐकवलं होतं.

खोळ उघडली तर अख्खी गाडी वरणाच्या रंगाची. मी मात्र शिस्त सोडली नाही. केस वाळवायच्या मशीननं ठोकळे वाळवले, आकारानुसार चौदा डब्यांत लावले आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली. शेवटची चिठ्ठी लावत होते तेवढ्यात हे आले. कटिंग छान झाली होती.

"गाडी कुठाय?"

"ही काय." मी डब्यांकडे हात केला. "एक तुकडा कमी न्हाई. नकाशा द्या, मी भराभर जोडते."

"नकाशा न्हाई."

"मग?"

"डोक्यात व्हती."

हे ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग डब्यांकडे, आणि हळूच म्हणाले, "टोपल्यात भर. जीपमधी जोडू."

अन्वरभाईंना वाटलं आम्ही मसाले विकायला निघालो. खरं कळल्यावर त्यांनी मधली अख्खी सीट रिकामी करून दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा खड्डा बघून ब्रेक दाबला. मागून एक काका कुरकुरले, की ह्या चालीनं त्यांची पुढची एसटी चुकणार. अन्वरभाई वळूनही न बघता म्हणाले, "काका, एसटी रोजच हाय. इथं गाडी बनून राहिली."

ह्यांनी मांडीवर गाडी जोडायला घेतली. चौदा डबे प्रवाशांच्या मांड्यांवर वाटले. हे हात पुढे करायचे, "आठ ठिपक्यांचा लांब," आणि मागच्या सीटवरून तो ठोकळा हातोहात पुढे यायचा. सहा नंबरचा डबा धरून बसलेल्या म्हातारीनं निरखून पाहिलं आणि मला विचारलं, "यात बसतंय कोण?"

"कोणीच न्हाई, मावशी."

"मग एवढी घाई काहून?"

ह्यांच्या कपाळावरचा घाम मी पदरानं टिपत राहिले.

अकराला दोन मिनिटं कमी असताना गाडी टेबलावर टेकली. छत बसवायला वेळ उरला नव्हता, म्हणून ती उघडी. डावं दार वर जायचं. उजवं वर जायचं आणि हातात यायचं. पण स्टिअरिंग फिरलं आणि चाकं वळली! परीक्षक वाकून बघत होते. "हा फिका पिवळा रंग कुठून मागवलात?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"घरीच बनवला," हे म्हणाले.

बक्षीस मिळालं नाही. पण दिवसभर टेबलापाशी माणसं होती. चाकं कशी वळतात हे समजावताना ह्यांचा आवाज इतका मोठा झाला, की मी पहिल्यांदाच त्यांना पाणी प्या म्हणून थांबवलं.

परवा नव्या गाडीसाठी ठोकळ्यांचं खोकं आलं. उघडून बघते तर सगळे पिवळे.

"पांढरे न्हाई मागवले?" मी विचारलं.

"न्हाई," हे ठोकळे मोजता मोजता म्हणाले. "तुझं तेवढंच एक काम कमी."