साडूंनी पाहिल्याशिवाय

उभ्या भंडारा जिल्ह्यात माझ्या साडूंनी बॉनेट उघडून पाहिलं नाही अशी चारचाकी नसेल, आणि असलीच तर तिच्या मालकाने साडूंना येताना पाहून गल्ली बदलली असेल. एकोडीला त्यांची धानाची शेती आहे, एक जुनी गाडी आहे आणि एक मत आहे: ब्रेक ऑइल पाहिल्याशिवाय चाक हलवू नये. आमच्या घरी आले की चप्पल काढण्याआधी ते माझ्या गाडीचं बॉनेट उघडायला लावतात, आतली ब्रेक ऑइलची पांढरी डबी डोळे बारीक करून न्याहाळतात आणि तेल खालच्या नि वरच्या रेघेच्या मध्ये असलं तरच चहाला हो म्हणतात. एकदा जवाहरनगरच्या रस्त्यावर, पेट्रोल पंपावर, त्यांनी एका अनोळखी साहेबांना गाडीतून उतरवलं. साहेब भडकले. साडू शांतपणे म्हणाले, "पळवाले तं कोणाचीबी गाडी पळते. थांबते का, तेवढंच इचारून राहिलो." साहेबांनी मुकाट्यानं बॉनेट उघडलं.

बरं, नुसतं पाहून सोडतील तर ते साडू कसले. माझ्या गाडीतलं तेल खालच्या रेघेला टेकलं तेव्हा मी बाटली आणून ओतायला निघालो, तर त्यांनी ती हातातून हिसकावली. "कमी झालं तं गेलं कोठी, हे पाह्य ना आधी. ओतून कायले झाकून राहिला?" चाकं खोलायला लावली. गळती नव्हती, पण ब्रेकचे पॅड झिजून पापडासारखे झाले होते, आणि पॅड झिजले की डबीतलं तेल खाली उतरतं. नवे बसवले आणि तेल आपलं आपण वर आलं. डबीचं झाकण उघडण्याआधी ते अशा मायेनं पुसतात की माझ्या मेव्हणीच्या मते स्वतःच्या लेकीचं नाकही त्यांनी कधी तसं पुसलं नाही. लोक त्यांना चक्रम म्हणतात. खुशाल म्हणोत.

त्या लेकीची, कल्याणीची, पाठवणी होती. दिघोरीहून आलेली नवरदेवाची गाडी झेंडूच्या माळांनी अशी मढवली होती की बॉनेटची फट दिसेना. चाकांखाली लिंबं ठेवून झाली आणि साडू पुढे होऊन म्हणाले, बॉनेट उघडा. नवरदेवाच्या मामांनी आधी समजावलं, मग दरडावलं. फुलं तोडणं म्हणजे अपशकुन. साडू गाडीपुढून हलेनात. मेव्हणीनं हात जोडले, भावकीनं दंड धरून ओढलं. शेवटी मामांनी सुनावलं की हीच रीत असेल तर सोयरीक आजच तुटली समजा. 

तेवढ्यात कल्याणी शालू सावरत पुढे आली आणि दोन्ही हातांनी माळा ओरबाडून काढू लागली. मामांच्या डोळ्याला डोळा देऊन ती म्हणाली, "बाबानं पाह्यल्याशिवाय मी या गाडीत बसत नाही."

नवरदेवानं आत हात घालून बॉनेटचा खटका ओढला. मला तो जावई त्याच क्षणी आवडला.

तेल अगदी बरोबर होतं. मामांनी विजयी मुद्रेनं चारचौघांकडे पाहिलं. "बरोबर हाये म्हून पाहूच नये काय?" साडू म्हणाले. मंडळी हसली, ताण सैलावला, कल्याणी रडत रडत गाडीत बसली. आता फक्त बॉनेट खाली करायचं होतं. ते साडूंनी केलं नाही. वर उचललेल्या पत्र्यामुळे गाडीतल्यांना ते दिसत नव्हते. मला दिसत होते. चेहरा पार भिजला होता. लेक घेऊन जाणाऱ्या गाडीत त्यांना एकही खोट सापडली नव्हती, आणि तिला थांबवायला दुसरं काही कारण उरलं नव्हतं. ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. वाजवू दे, म्हटलं, आणि साडूंच्या शेजारी उभा राहून मीही त्या डबीत वाकून पाहू लागलो.